मारेकऱ्याची पेशी

चंद्रपूर, ३ जुलै

बुधरी,

आधी रागावून घेतो, बाकीचं नंतर. नवऱ्याचं घर सोडायचं तर माणूस निदान भांडून तरी सोडतो. तू पोरीला घेऊन निघून गेलीस, तीही चकार शब्द न बोलता. मी शनिवारी चंद्रपूरहून गावी पोचलो तेव्हा आई चुलीपुढे बसली होती आणि पोरीचा झोका आढ्याला गुंडाळून ठेवला होता. बुधरी कुठी गेली म्हटलं, तर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले काऊन इचारतं? तुह्या काकूले इचार."

काकूला काही विचारायचं म्हणजे तुला माहीतच आहे. तिच्या अंगणात मी पाय ठेवायच्या आधीच तिचं सुरू झालं होतं.

"तुह्या बायकोची पेशी निघाली बाबू. मारेकऱ्याची पेशी. तो चंद्रपूरचा पोट्टा आला होता ना रक्तवाला, त्यानंच सांगतलं सगळ्याइच्या समोर. आता कोर्टातच समजन, पोचूभाऊ कसा मेला तं."

बाबांना जाऊन अजून महिना झाला नव्हता, आणि ही बाई कोर्टाच्या गोष्टी करत होती. मी तिला काय बोललो ते लिहीत नाही. तू नवऱ्याला 'तू' म्हणतेस म्हणून जिला ठसका लागतो, तिला माझ्या तोंडून काय काय ऐकावं लागलं हे कळलं तर तुला बरं वाटेल, एवढंच सांगतो.

लालसूला फोन लावला, तू त्याच्याकडेच आहेस एवढं कळलं. तुझा भाऊ टेकडीवर चढल्याशिवाय त्याचा फोन लागत नाही, आणि तू काही टेकडी चढायला तयार नाहीस. म्हणून हे पत्र. आलापल्लीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो, तो स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेवेल, लालसू बाजाराला आला की घेऊन येईल. आणि हसू नकोस, मी लिहितो तेव्हा असंच पुस्तकी लिहितो. आश्रमशाळेत वहीत मले-तुले दिसलं की गुरुजी वही फेकायचे. तेव्हापासून माझं तोंड एक बोलतं आणि पेन दुसरंच बोलतं.

आता नीट वाच. सोमवारी मी नाहीदला गाठलं. आमच्या बाबूभाईंची थोरली, तीच ती. मी ज्या दुकानात कुलरच्या मोटारी गुंडाळतो त्या दुकानाच्या मालकाची मुलगी आपल्याच घरच्या रक्ताच्या बाटल्या तपासते. ज्या घरात टीबीचा पेशंट आहे, त्या घरातल्या कोणाला तो लागतो आणि कोणाला लागत नाही, असा त्यांचा अभ्यास चालू आहे. मी तिच्या लॅबमध्ये शिरलो आणि म्हटलं, "तुमच्या माणसाने माझ्या घरी कोर्टाची कोणती पेशी सांगितली?"

नाहीद कपाळाला हात लावून बसली. मग तिने राजदीपला हाक मारली. हाच तो रक्तवाला. पोरगा नवीन आहे, बाहेर शिकून आलेला, इकडची बोली त्याच्या डोक्यावरून जाते. तो म्हणाला, "दादा, मी तर चांगली बातमी द्यायला गेलो होतो."

त्याची बातमी अशी होती. मला टीबी झाला, मग बाबांना झाला. आई, काकू, काकूची सून, सगळ्यांच्या रक्तात टीबीचे जंतू कधीतरी शिरून गेल्याची खूण सापडली. ती सगळी ठणठणीत आहेत, पण खूण आहे. खूण नाही ती फक्त तुझ्या रक्तात. जी माझ्या उशाशी बसली, जिने माझी थुंकी उचलली, बाबांचं तोंड पुसलं, तिच्याच रक्तात नाही. याचं त्या पोराला फार अप्रूप वाटलं. तो अंगणात उभा राहून म्हणाला की बुधरीताईंच्या नॅचरल किलर पेशी भारी आहेत. कोणाला काही कळलं नाही. मग त्याने डोकं चालवून त्याचं मराठी केलं. मारेकरी पेशी.

त्याच्या पुस्तकात पेशी म्हणजे शरीर ज्यांचं बनतं ते बारीक तुकडे, भिंतीतल्या विटांसारखे. आपल्याकडे पेशी म्हणजे काय? कोर्टाची तारीख. जंगलजमिनीच्या केसमध्ये अर्ध्या गावाने चंद्रपूरच्या कोर्टात पेश्या केल्या आहेत. बाबा मरून गेले, घरात सुतक, आणि बाहेरचा माणूस येऊन सांगतो की सुनेच्या नावाने मारेकरी पेशी. आणखी काय ऐकणार लोक?

तर बुधरी, कोर्ट नाही, पोलीस नाही. बाबा टीबीने गेले. बिडीचा खोकला आहे म्हणत त्यांनी तो लपवला आणि आपण दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. तुझ्या मागावर कोणीही नाही. ये परत. मी मजेत आहे, जेवणखाण नीट चालू आहे. कुकरची शिटी मात्र तू कुठे ठेवलीस ते कळव.

धनराज


आलापल्ली, १२ जुलै

बुधरी,

लालसू समोर चहा पीत बसला आहे. नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, पाण्याखाली जायच्या आत त्याला परतायचं आहे, म्हणून स्टँडवरच्या बाकावर बसून घाईने लिहितो.

मी तुला न्यायला आलो होतो. पोरीसाठी टोपी आणली होती, ती लालसूजवळ दिली आहे. मी त्याच्या मागे गाडीवर बसायला गेलो तर त्याने गाडीची किल्लीच काढून घेतली.

"जवाई, तुमी नका येऊ आत्ता. तिनं सांगतलं आहे. तुमी आले तं ती पोरीले घेऊन अजून आत जाईन म्हनते."

मी म्हटलं, माझं पत्र मिळालं नाही का तिला? कोर्टाचं सगळं खोटं आहे.

तो म्हणाला, "वाचलं तिनं. हासली बी. कोर्टाचं भेव नाई तिले. कोर्टाचं तं तुमच्या गावातल्या लोकाइनं ऐकलं. तिनं रक्ताचं ऐकलं."

आणि मग तो रस्त्याकडे बघत बसला. मला वाटलं पोरीला काही झालं. मी त्याच्या दंडाला धरून हलवलं तेव्हा कुठे बोलला.

"पोरीले दूध पाजून नाई राह्यली ती. इथी आली त्या दिवसापासून नाई. मले म्हनते, दादा, दूध रक्ताचंच बनते ना? माह्या रक्तात मारनारं काईतरी आहे, त्यानं बुढा गेला. पोरीच्या पोटात मी ते काऊन घालू?"

बुधरी, मी इथे मधेच थांबलो होतो. आता पुन्हा लिहितो.

लालसूने बाकीचंही सांगितलं. वहिनी तिच्या बाळाबरोबर आपल्या पोरीलाही पाजते. पण वहिनीचं दूध दोघांना पुरत नाही, पोरगी रडत राहते, आणि तू तिचं रडणं ऐकत ओट्यावर बसून राहतेस. सकाळ-संध्याकाळ घराच्या मागे जातेस आणि दूध पिळून मातीत टाकतेस. हे लालसूने मला मान खाली घालून सांगितलं. भावाने सांगायची गोष्ट नाही ती, पण त्याने सांगितली, कारण त्याला दुसरं काही सुचेना.

टीबी होऊ नये म्हणून पोरीला दिलेल्या गोळ्या तू रोज कुटून, पाण्यात कालवून, न चुकता देतेस असंही तो म्हणाला. म्हणजे तुझी अक्कल जागेवर आहे. तुझा दवाखान्यावर विश्वास आहे, गोळीवर आहे, त्या राजदीपवरसुद्धा आहे. नाही तो फक्त तुझ्यावर.

मला यातलं काही येत नाही ग. मी मोटार गुंडाळणारा माणूस. रक्ताचं दूध होतं का हेही मला माहीत नाही. पण मी विचारून येतो. तोवर पोरीला कमीत कमी मांडीवर तरी घे. लालसू म्हणतो की तू तिला मांडीवरही घेत नाहीस, तिला वास येतो आणि ती शोधायला लागते म्हणून.

गाडीवाला हॉर्न वाजवतो आहे. टोपी मोठी झाली तर राहू दे, पुढे येईल.

धनराज


चंद्रपूर, १९ जुलै

बुधरी,

हे पत्र मोठं आहे. भाकरी टाकून घे, मग वाच.

नाहीदला मी तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. दूध रक्ताचंच बनतं ना, आणि मग त्यात मारेकरी असतील तर? तिने हातातलं काम ठेवलं. तिचे डोळे भरून आले. तिलाही लहान पोरगा आहे, सैफ, आत्ता कुठे चालायला लागला आहे. ती म्हणाली, "या अल्ला, आणि आम्ही इकडे तिच्या रक्ताची तारीफ करून राह्यलो."

मग तिने मला समजावलं, आणि मला समजेपर्यंत समजावलं. मी मठ्ठ आहे हे तिला दुकानापासून माहीत आहे.

टीबीचा जंतू लबाड. आपल्या फुप्फुसात घाण गिळून टाकणाऱ्या काही पेशी असतात. त्या या जंतूलाही गिळतात. पण तो त्यांच्या पोटात गेला तरी मरत नाही, तिथेच लपून घर करतो. बाहेरून पाहिलं तर पेशी आपलीच, आत मात्र हा बसलेला. त्याला ओळखायला शरीरातल्या बाकीच्या शिपायांना बरेच दिवस लागतात. त्यांना आधी जंतूचा तपास करावा लागतो, शिकावं लागतं. या ज्या तुझ्या पेशी आहेत ना, त्यांना शिकवावं लागत नाही. म्हणून त्यांना नॅचरल म्हणतात. त्या नुसत्या फिरत राहतात आणि वाटेत येईल त्या पेशीला हात लावून बघतात.

इथे मी नाहीदला थांबवलं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या टेस्ट लॅम्पसारखं. तू पाहिलं आहेस ना मला, मोटारीच्या एकेका कॉइलला बल्बची वायर लावून तपासताना? चांगल्या कॉइलला तो दिवा काही करत नाही. जिच्यात शॉर्ट आहे, तीच कळते आणि तेवढीच कापून काढतो आपण. सगळी मोटार कोण फोडतं? नाहीद म्हणाली, अगदी तसंच. आपल्या चांगल्या पेशीच्या अंगावर एक खूण असते, मी घरची आहे अशी. ती खूण दिसली की या पेशी हात काढून पुढे जातात. जिच्या आत जंतू बसला तिची खूण बिघडते, ती त्रासात आहे हे बाहेरून कळतं. तेवढीलाच या मारतात. आणि मारताना बाकीच्यांना हाकही देतात, त्या गिळणाऱ्या पेशींना जाग आणतात, की आत बसलाय त्याला पचवा.

बुधरी, त्या घरच्याला ओळखतात. हे मी नाहीदकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

दुसरी गोष्ट. त्या तुझ्या एकटीच्या रक्तात नाहीत. माझ्यात आहेत. आईत आहेत. काकूतही आहेत, तिच्या जिभेवर तर जरा जास्तच असतील. आपल्या पोरीच्या अंगात तिच्या तिच्या आहेत, जन्मापासून. बाबांच्या अंगातही होत्या. मी आजारी होतो तेव्हाचं माझं रक्त नाहीदकडे होतं. त्यात त्या फार कमी झालेल्या दिसल्या, आणि औषध पुरं झाल्यावर पुन्हा वाढल्या. म्हणजे मी आजारी पडलो ते मारेकरी जास्त झाले म्हणून नाही, उलट ते कमी पडत होते. बाबांचं रक्त घ्यायलाच उशीर झाला.

मग मी विचारलं, माझी बुधरी वाचली ती यांच्यामुळेच ना? तेवढं मला लिहून कळवायचं होतं. पण नाहीद ती नाहीद. म्हणाली, "पता नहीं, धनराजभाऊ. तिच्या पेशी जोरात दिसून राह्यल्या, हे खरं. त्याच्यामुळेच तिले लागलं नाई का, हे आमाले अजून ठाऊक नाई. म्हणून तं रक्त घेतो."

मी चिडलो. म्हटलं, तिथे माझी पोरगी उपाशी आहे, तेवढं एक खोटं बोललीस तर काय बिघडेल तुझं?

ती म्हणाली, "खरं सांगताना एक शब्द इकडचा तिकडे झाला, तं काय झालं पाह्यलं ना? आता खोटं बोलाले लावता?"

पण दुधाचं विचारल्यावर ती अडखळली नाही. म्हणाली, दुधाबद्दल मी छातीठोक सांगते. टीबी दुधातून जात नाही. आईच्या दुधातून पोराला जे मिळतं ते त्याला वाचवणारंच असतं. तिला म्हणावं, आजपासून पाज.

शब्दाचंही तिने सांगितलं. पुस्तकात 'मारक' असा शब्द आहे, 'मारेकरी' नाही. राजदीपची तिथेच चूक झाली. मारक औषधही असतं ग, उंदीर मारायचं, कीड मारायचं. मारेकरी फक्त माणूस असतो. एवढाच फरक, पण तू पोरीला मांडीवरून उतरवलंस ते त्या फरकामुळे.

हे दुकानात बसून लिहितोय आणि बाबूभाई मागून बघत होते. म्हणाले, "क्या रे, बीवी को चिठ्ठी लिखता है या डॉक्टरी की किताब?" आणि माझ्यापुढे डबा ठेवला. हल्ली त्यांच्याकडचाच डबा खातो. आधीच्या पत्रात मजेत आहे लिहिलं होतं, ते सोडून दे.

पाज तिला. मी सांगतो म्हणून नको, पण पाज.

धनराज


चंद्रपूर, २९ जुलै

बुधरी,

काही उत्तर नाही. ड्रायव्हर म्हणतो पत्र चहावाल्याकडे दिलं, चहावाला म्हणतो लालसूने नेलं, आणि त्यानंतर रपटा बुडाला. भामरागडच्या पुढे सगळंच बंद आहे म्हणतात. तू वाचलंस की नाही, कोणाला विचारू?

इकडचं सांगतो. रविवारी नाहीद आणि राजदीप दोघं गावी आले. मी बोलावलं नव्हतं, राजदीपच म्हणाला की जिथे बोललो तिथेच जाऊन सांगतो. त्याच अंगणात उभा राहिला बिचारा. कान लाल झाले होते. म्हणाला, "माझ्याकडून चुकीचा शब्द गेला. बुधरीताईंनी कोणाला काही केलेलं नाही. या पेशी चांगल्या आहेत आणि सगळ्यांमध्ये असतात."

काकू म्हणाली, "मंग पयलेच तसं सांगाचं ना बाबू. आमी अडानी मानसं."

तिला मी अडाणीपण दाखवणार होतो, पण तेवढ्यात दादाजी पाटलाने विचारलं, "माह्यात आहेत का ते?" नाहीद म्हणाली आहेत. मग लाइनच लागली. माह्यात? माह्या नातवात? काकूनेही पदर सावरून विचारलं. नाहीदने तिला सांगितलं की आहेत, भरपूर आहेत, आणि सगळे हसले. महिनाभर ज्या शब्दाने तुझ्याकडे बोट दाखवलं, तोच आता प्रत्येकाला आपल्या अंगात हवा आहे. मलाही हसू आलं, आणि मग फार राग आला, कारण हे बघायला तू नव्हतीस.

आईही नव्हती. तिचं आणखी एक. ती मंगळवारपासून घरी नाही. शेजारी सांगून गेली की पोंभुर्ण्याला बहिणीकडे जाते. मी मावशीला फोन केला, मावशी म्हणते आलीच नाही. बाबा गेल्यापासून ती कोणाशी धड बोलत नाही. शेवटचं पत्र तुला पाठवायच्या आधी मी तिला वाचून दाखवलं होतं. नुसतं विचारलं, "पाजून नाई राह्यली म्हनतं?" मी म्हटलं, नाही. त्यानंतर ती उठून आत गेली. गुडघे धरून पायरी चढणारी बाई, कुठे गेली असेल? उद्या मी पोलिसात जाणार आहे.

खरं लिहू का? मला आता तुला समजवायचं काही उरलं नाही. नाहीदला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं मी तुला लिहिलं. राहिलं ते एवढंच की मला तू हवी आहेस. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवून बसायचीस. तुझ्या पोटात ही होती, आणि डॉक्टर म्हणायचे तोंडाला बांधा, खिडकी उघडी ठेवा, लांब बसा. तू बांधायचीस, उघडी ठेवायचीस, पण लांब काही बसली नाहीस. त्या हाताला मारेकरी म्हटलं गेलं आणि तुला ते खरं वाटलं, याचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं बाबा गेल्याचंही वाटलं नाही. हे आईला सांगू नकोस.

सापडली तर.

धनराज


९ ऑगस्ट

धनराज,

पोलिसात गेला असशील तं त्याइले सांग का बुढी सापडली. तुही माय इथी आहे.

मी तुह्यासारकं पुस्तकातलं लिवू शकते, दहावी मी बी झाली, पर मले जसं बोलता येते तसंच लिवते.

ती बसनं भामरागडपर्यंत आली. रपटा बुडला होता तं तिथीच एका घरी राह्यली, वळख ना पाळख. पानी उतरलं तसा लालसूदादानं तिले हात धरून आनलं. तिचे गुडघे सुजून भोपळे झाले. मी पाय शेकाले गरम पानी ठेवलं तं म्हनते, पानी राहू दे, पयले पोरगी दाखव.

तुही पत्रं मले मिळाली. सगळी. टेस्ट लॅम्पचं वाचलं अन् मले समजलं. खोटं नाई सांगत, पुरं समजलं. मारक वेगळं, मारेकरी वेगळं. त्या घरच्याले वळखतात. रातभर मनात तेच म्हनत होती. पर सकाळी पोरीले छातीशी घेतलं का माहे हात कापे. समजून बी हात आयकत नव्हते. पोरगी रडे, मी तिले वहिनीजवळ देऊन टाको. तुले काय लिवू, म्हनून नाई लिवलं.

तुह्या मायनं ते पाह्यलं. दोन दिवस नुसतं पाहून राह्यली. तिसऱ्या दिवशी मी पोरीले वहिनीकडे द्याले उठली, तं तिनं माह्या लुगड्याचं टोक धरलं. म्हने, "बस. बुढा गेला तवा मी कुठी होती?"

मी म्हटलं, दारात.

"काऊन दारात?"

मी म्हटलं, तुमाले भेव वाटत होतं.

"अन् तू कुठी होती?"

तिनंच सांगतलं. म्हने, "त्याचं डोस्कं तुह्या मांडीवर होतं. बायको मी, अन् मांडी तुही. तुले नाई वाटलं भेव?"

धनराज, हे मी तुले बी कधी सांगतलं नाई. मी म्हटलं, मले बी वाटत होतं. लय वाटत होतं. तुह्या येळी बी वाटे.

मंग ती म्हने, "भेत भेत त्याले धरलं ना? आता भेत भेत हिले धर."

अन् ती उठून गेली नाई. माह्या बाजूनं बसून राह्यली. पोरीनं पयले तोंड फिरवलं, वहिनीकडे पाहून रडली. मी बी रडली. हात कापतच होते. तुही माय म्हने, कापू दे. बरा टाइम लागला. मंग तिनं घेतलं.

आता रोज घेते. दूध कमी आलं होतं, वाढून राह्यलं.

रपटा उतरला आहे. तू ये. मायले एकटीनं परत नाई जाता येत, अन् मी तिले सोडून नाई येत. काकूच्या गावी मले आत्ताच नाई राह्याचं, चंद्रपूरले तुह्या खोलीवर राहू, ते आल्यावर बोलू.

पोरीले खालचे दोन दात आले. तुले ठाऊक नाई. पिताना चावते. मी वरडली का तुही माय हासते.

बुधरी